ओळख द्यायची नाही

माझे घरमालक स्वतःच्या घराच्या ओट्यावर कधी बसत नसत. ते समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसत आणि तिथून स्वतःच्या घराकडे बघत. आपल्या घरी कोण येतं, कोण जातं, हे आपल्या घरात बसून नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गोंदियाजवळच्या कुडव्याला मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांना दुकानदारच समजलो आणि त्यांनाच विचारलं, की खोली भाड्यानं देणारे ते कुठं राहतात. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि बोटानं समोरचं दार दाखवलं. मी दार ठोठावलं, काकूंनी उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाल्या, येतीलच म्हणाल्या. मी बसलो आणि हे महाशय पायरीवरून खिडकीतून माझ्याकडे बघत बसले. मग आले ते मागच्या दारानं.

मला नाव-गाव काही विचारलं नाही. उलट माझीच माहिती मला सांगितली. वडील पोस्टात होते, आईला दमा आहे, मी लग्नाचे व्हिडिओ काढतो, आणि आमगावच्या एका लग्नात ऐन वरमालेच्या वेळी माझी बॅटरी संपली होती. मी खोली बघायला येणार हे त्यांना आदल्या आठवड्यात कळलं होतं, तेवढा वेळ त्यांना पुरला होता. खोली दिली म्हणाले, फक्त बॅटरी चार्ज ठेवत जा.

आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. सगळा मोहल्लाच म्हणायचा. ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते. खात्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि मला ते आजही माहीत नाही. काम पाळत ठेवायचं. आमच्या जिल्ह्याच्या एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड, मध्ये जंगल आणि रेल्वे. कोण कुठे उतरला, कुणाकडे कोण पाहुणा राहिला, कोणत्या बाजारात नवा चेहरा दिसला, हे बघायचं आणि वर कळवायचं. पिस्तूल नाही, गाडी नाही. एक सायकल आणि दोन डोळे, एवढ्यावर या माणसानं नोकरी काढली.

नोकरी काय करता हे कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून डाव्या शेजाऱ्याला त्यांनी सांगितलं होतं मलेरिया खात्यात आहे, उजव्याला सांगितलं बियाण्याच्या कंपनीत आहे, आणि मागच्या घरी सांगितलं रेल्वेच्या पार्सलमध्ये आहे. वर्षानुवर्षं हे तिन्ही सुखानं चाललं. मग मुलीचं लग्न निघालं आणि तिन्ही शेजारी एकाच पंगतीत जेवायला बसले. वराच्या मामानं सहज विचारलं, आमचे इवाई, मुलीचे वडील, कशात होते हो? तिघांनी एकदम तीन उत्तरं दिली. तिथं भात वाढता वाढता भांडण लागलं, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा खोटं बोलतो. वराकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी काकू पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, तिन्ही खरं आहे, एका जागी टिकलेच नाहीत हे कधी. नवऱ्याची अब्रू गेली, पण सरकारची राहिली.

त्याच लग्नाचा अल्बम मी पुढे बघितला. मुलीच्या बापाचा एक फोटो दिसेल तर शपथ. जिथं असायला हवेत तिथं कुणाच्या तरी मागे, नाही तर खांबाआड, नाही तर नेमके वाकून चप्पल शोधताना. फोटोग्राफर म्हणून सांगतो, चुकून असं होत नाही. त्याला कसब लागतं.

सवयी किती सांगाव्यात? ज्या रस्त्यानं गेले त्या रस्त्यानं परत येत नसत. काकूंनी वरणाला फोडणी द्यायच्या आधी सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला पाठवलं, तर हे नाक्यावर जाणार आणि रेल्वे फाटकाकडून वळसा घेऊन येणार, तोवर वरण निवून त्यावर साय धरलेली. काकू बिचाऱ्या नंतर नंतर सांबार सकाळीच मागवून ठेवायला लागल्या. फोन आला की उचलून गप्प राहायचे, समोरचा बोलेपर्यंत. समोरचाही तसाच निघाला तर दोघं आपले श्वास ऐकत बसायचे. माझी गाडी रस्त्यात उभी असली तर कुणी हात लावला ते त्यांना कळायचं, पण सांगायचे मात्र दुसऱ्या दिवशी, कारण लगेच सांगितलं तर आपण बघत होतो हे उघड होतं.

त्यांचं एक वाक्य मी पुढं कितीतरी लोकांना ऐकवलं. "पाहणारा माणूस पळत नाही, बाबू. जो पळला, तो दिसला." खरंच, मी त्यांना कधी भरभर चालतानाही बघितलं नाही. पाऊस आला तरी ते आपल्या चालीनं भिजत यायचे.

नोकरीतल्या गोष्टी ते सांगत नसत, पण कचारगडची एक मात्र सांगायचे, कारण त्यात त्यांची स्वतःची फजिती होती. माघ पौर्णिमेला सालेकशाकडच्या त्या डोंगरात गोंड समाजाची यात्रा भरते, चार राज्यांतून माणूस येतो. काकाजींना तिथं फल्लीवाला, म्हणजे भाजक्या शेंगदाण्यांचा गाडीवाला, करून बसवलं होतं. गाडी, शेगडी, कढईत वाळू, कागदाचे कोन, सगळं खात्यानं दिलेलं. एका फरार माणसावर नजर ठेवायची होती. आता झालं काय, की फल्ली भाजणं त्यांना जमलं. फारच जमलं. दुपारपर्यंत गाडीसमोर रांग लागली. त्या रांगेत तो फरार माणूसही येऊन उभा राहिला. त्यानं फल्ली घेतली, खाल्ली, वा म्हणाला आणि पुन्हा रांगेत लागला. काकाजींनी त्याला पहिल्याच खेपेला ओळखलं होतं. पण मागे बायाबापड्या, लेकरं ताटकळत उभी, वाळू तापलेली, कढईतला माल जळायला आलेला. तसं टाकून उठणार कसं?

मी विचारलं, मग तो सुटला का? नाही म्हणाले. फल्ली तोलता तोलता त्यांनी खांद्यावरचा गमछा डावीकडून उजवीकडे टाकला. ती खूण होती, सावध हो, धोका आहे. पायथ्याशी त्यांचा सोबती यात्रेकरू बनून बसला होता, त्यानं ती बघितली आणि खाली उतरणाऱ्या त्या माणसाला बरोबर अडवलं. कोण सोबती, असं मी विचारलं. "होता एक," म्हणाले, आणि उठून किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

त्या सोबत्याला मी बघितलेलं होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी मी पार्सल घ्यायला गोंदिया स्टेशनवर गेलो होतो. बाहेरच्या चहाच्या टपरीवर काकाजी बाकावर बसलेले, बशीत चहा ओतून फुर्र फुर्र करत पीत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, नमस्कार काकाजी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना जन्मात पहिल्यांदा दिसतोय. "कोन पाह्यजे तुमाले?" तुमाले! घरात मला तू म्हणणारा माणूस. मी खजील होऊन निघून आलो. संध्याकाळी घरी ते नेहमीसारखे, काय रे जेवला का म्हणून विचारतायत. बाहेर ओळख द्यायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा काकूंनाही बाजारात त्यांनी ओळखलं नव्हतं आणि काकूंनीही मग दोन दिवस घरात त्यांना ओळखलं नाही.

त्या टपरीवर दुसरा एक बाक होता, पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखा. त्यावर एक उंच, काळे, किडकिडीत म्हातारे बसलेले असायचे. अंगावर धुतलेलं धोतर, खांद्यावर हिरव्या चौकटीचा गमछा. टपरीवाला त्यांना सालेकशाचे काका म्हणायचा, कारण ते दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं सालेकशाहून यायचे, चहा प्यायचे, तासभर बसायचे आणि परतीच्या गाडीनं जायचे. बाजार नाही, हाट नाही, दवाखाना नाही. फक्त चहा. मी पुढेही दोन-तीन मंगळवारी बघितलं. काकाजी या बाकावर, ते त्या बाकावर, पाठीला पाठ. कुणी कुणाकडे मान वळवून बघत नव्हतं.

आता सिनेमाचं सांगतो, कारण सिनेमा झाला नसता तर ते दोघं आजही तसेच बसलेले असते.

आम्ही चौघं मित्र लग्नाचे व्हिडिओ काढणारे. लग्नसराई संपली की हातात कॅमेरा असतो आणि डोक्यात किडा. तर आम्ही सिनेमा करायचं ठरवलं. मारामारीचा आणि विनोदाचा. गोष्ट अशी, की दोन निवृत्त गुप्तहेर आहेत, गुडघे गेलेत, कवळ्या बसवल्यात, आणि गावात एक खलनायक सुगंधी धानाचं जुनं बियाणं चोरतो. मग हे दोघं म्हातारे पुन्हा मैदानात उतरतात. ठोसा मारला की समोरच्याच्या जबड्यापेक्षा यांच्याच खांद्याचा आवाज मोठा येतो. ओळखीच्या एका राईस मिलमध्ये कोंड्याचा डोंगर होता, वरून उड्या मारायला तो गादीसारखा. फुकटात स्टंट. फक्त नंतर आठवडाभर अंग खाजवत बसावं लागे, ते वेगळं.

म्हाताऱ्यांच्या कामासाठी आम्ही झाडीपट्टीच्या नाटकांतले दोन नट घेतले होते. पण आमच्याकडं दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो, आणि मग नटाला सिनेमासाठी थांबवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोघंही एका रात्रीत मंडळीबरोबर गेले. आम्ही मित्रांपैकीच एकाला पांढरे केस लावून उभं केलं.

काकाजी शूटिंग बघायला यायचे आणि खुर्चीवर न बसता कोंड्याच्या ढिगाआडून बघायचे. सगळ्यालाच त्यांची हरकत. गॉगल काऊन घातला? गॉगल घातला का सारं गाव वळून पाहते. कॉलर काऊन वर? दाराला पाठ लावून काऊन बसला? एक दिवस आमचा तो खोटा म्हातारा भिंतीआडून डोकावला आणि काकाजींना ते बघवलं नाही. पुढे आले, त्याला बाजूला केलं, आणि त्या भिंतीच्या कडेला नुसते उभे राहिले. विडी पेटवली. काय सांगू, आम्ही कॅमेऱ्यातून बघत होतो आणि तो माणूस आम्हाला दिसेना. म्हणजे होता तिथंच, पण मन त्याच्यावरून घसरून जायचं. मी तिथल्या तिथे त्यांचे पाय धरले. नाही नाही म्हणाले, चेहरा छापून येईल म्हणाले, चार दिवस काकूंशी भांडले, आणि शेवटी हो म्हणाले. खोटं खोटं दाखवण्यापेक्षा बरं, हे कारण.

एक मिळाला, दुसरा पाहिजे होता. माझ्या डोळ्यांसमोर टपरीवरचा तो चेहरा आला. मंगळवारी मी गेलो, त्या बाकावर बसलो आणि सगळं समजावून सांगितलं. सालेकशाचे काका समोर बघत ऐकत होते. मी म्हटलं, दुसरे काका पण आहेत सिनेमात, ते बघा, तिकडे बसलेत ते. त्यांनी मान वळवली नाही. नुसतं म्हणाले, येतो. एवढ्या लवकर तर माझे मित्रही हो म्हणत नाहीत.

घरी आलो तर काकाजींचा चेहरा उतरलेला. तो माणूस नको म्हणाले. का, तर नको. दुसरा कोणीही आण. मी विचारलं, तुम्ही ओळखता का त्यांना? तर म्हणाले, मी कायले ओळखीन. आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी ते पायरीवर जाऊन बसल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. त्या लाखोळीची भाजी खुडत होत्या. हात चालू ठेवून त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी हसावं का रडावं तेच मला कळेना.

सालेकशाचे काका म्हणजेच तो सोबती. सगळी नोकरी दोघांनी मिळून केली होती. एकाच डब्यातलं खाल्लं, काकूंच्याच हातचं. जंगलात एकाच झाडाखाली रात्री काढल्या, काकाजींना हिवताप झाला तेव्हा या सोबत्यानं पाठीवर घेऊन रस्त्याला आणलं. पण नियम एकच. "यायच्या साहेबानं सांगतलं होतं," काकू म्हणाल्या, "का लोकायसमोर एकमेकाले ओळख द्याची नाही, मी सांगेपर्यंत. मंग साहेबाची बदली झाली. मंग तो रिटायर झाला. मंग मेला. सांगाचं राहूनच गेलं. अन् हे दोघं अजून बसले आहेत वाट पाहत."

मी म्हटलं, काकू, अहो पण आता निवृत्त होऊनही किती वर्षं झाली! कुणाला काय पडलंय? काकू म्हणाल्या, हे मी हज्जारदा सांगितलं. पण हुकूम सुटला नाही तोवर हुकूमच, असं यांचं. नोकरीत जंगलात तरी बोलायचे, आता लोकांविना भेटायची जागाच उरली नाही. दुसऱ्यानं आधी बोलावं तर यांना वाटतं त्यानं नियम मोडला, आणि आपण बोलावं तर त्याला तसंच वाटेल. म्हणून दोघं मंगळवारचा चहा पितात. समोरचा जिता आहे एवढं कळतं. मागे सालेकशाच्या काकांची बायको वारली तर हे सालेकशाला मातीला गेले, गर्दीत परक्या माणसासारखे उभे राहिले, एक मूठ माती टाकली आणि एक शब्द न बोलता परत आले. घरी येऊन न्हाणीत शिरले, नळ सोडला आणि खूप वेळ बाहेर आले नाहीत. इथं काकूंचे हात थांबले. "तुह्या सिनेमात तरी त्यायले बोलव बापा एकमेकासंग," त्या म्हणाल्या.

मी काकाजींना कबूल केलं, की दोघांना एकमेकांशी एक वाक्यही बोलावं लागणार नाही. सिनेमातले गुप्तहेर शेवटपर्यंत एकमेकांना ओळख देत नाहीत, असंच करून टाकू. त्यावर ते तयार झाले. खोटं कशाला सांगू, गोष्ट त्यानं सुधारली. दोघं म्हातारे एकाच खलनायकाला दोन बाजूंनी बडवतायत आणि मध्येच एकमेकांना "माफ करा भाऊ, धक्का लागला" म्हणतायत, असं काहीतरी आम्ही घेतलं. म्हणजे तेवढं वाक्यसुद्धा काढून टाकायला लावलं काकाजींनी. नुसती मान हलवली.

सालेकशाचे काका काम झकास करायचे. सावकाश चालायचे, भिंतीला हात लावून उभे राहायचे, चहाचा कप दिला तर लगेच घेत नसत, हातात ठेवेपर्यंत थांबायचे. आम्हाला वाटायचं काय रुबाब आहे. चपलेवरून माणसाचं गाव सांगणाऱ्या काकाजींनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? त्यांनी सगळ्या जगाकडे निरखून बघितलं होतं, पण या एका माणसाकडे सरळ बघायची त्यांना बंदी होती.

मग तो दिवस आला. राईस मिलच्या आवारातला प्रसंग होता. मालकानं जागा दिली होती, पण मिल बंद ठेवणार नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळं आत यंत्रांची घरघर अशी, की शेजारी उभ्या माणसाला ओरडून सांगावं लागे. खलनायकाची माणसं गच्चीवरून बघतायत. काकाजी पोत्यावर बसलेत. सालेकशाचे काका फाटकातून येतात, अंगण ओलांडतात, काकाजींच्या समोरून जातात, आणि दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. बस्स. पोत्यापासून थोड्या अंतरावर धान भिजवायचा हौद होता, काठोकाठ भरलेला, जमिनीच्या सपाटीला. वाट हौदाच्या चांगली अलीकडून जात होती, त्यामुळं कुणी त्याचा विचारही केला नाही.

कॅमेरा सुरू झाला. सालेकशाचे काका फाटकातून आत आले. ताठ मान, सावकाश चाल. अंगणाच्या मध्यापर्यंत सरळ आले आणि मग हळूहळू हौदाकडे कलायला लागले. मला वाटलं आपल्या मनानं काही नवीन करतायत, करू दे. काकाजी दुसरीकडे बघत बसलेले, अगदी त्यांच्या रिवाजाप्रमाणे. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना ते दिसलं असावं. त्यांनी खांद्यावरचा गमछा डावीकडून उजवीकडे टाकला. सालेकशाचे काका चालतच राहिले. काकाजींनी गमछा पुन्हा डावीकडे घेतला आणि पुन्हा उजवीकडे टाकला. मी मनात म्हटलं, वा, काय काम करतोय म्हातारा! मग ते खोकले. मिलच्या आवाजात तो खोकला कुणाला ऐकू जाणार? सालेकशाचे काका हौदापासून चारसहा पावलांवर आले होते.

काकाजींनी मान वळवली आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं. चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे. ते त्यांना किती वर्षांनी तसं बघत होते कोण जाणे. मग ते उठले आणि पळाले. मी त्या माणसाला पळताना पहिल्यांदा बघितलं, आणि पळता पळता ते सगळ्या मिलला ऐकू जाईल असे ओरडले.

"फागू! थांब बे, फागू!"

सालेकशाचे काका जागच्या जागी थांबले. पुढचा पाय हवेत होता, तो त्यांनी मागे घेतला. काकाजींनी जाऊन त्यांचा दंड धरला. कुणीतरी आत पळत जाऊन मिल बंद करायला लावली, आणि एकदम सगळं शांत झालं. फागूकाका आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभे होते. त्यांनी विचारलं, "साहेबाचा निरोप आला का?"

"साहेब मरून गेले," काकाजी म्हणाले. "आता मी सांगून राहिलो."

फागूकाकांनी हातानं चाचपून त्यांचा खांदा शोधला. काचबिंदू होता. एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यात थोडा उजेड तेवढा उरला होता. गाडीचा डबा, स्टेशनच्या पुलाचा दादरा, टपरीचा बाक, सगळं पाठ होतं म्हणून चाललं होतं. टपरीवर काकाजी दिसत नव्हते, पण पाठीमागून बशीतला चहा फुर्र केल्याचा आवाज आला, की ते निश्चिंत व्हायचे आणि परतीच्या गाडीची वाट बघायचे.

काकाजी त्यांच्यावर भडकले. माझ्यासमोर, सगळ्यांसमोर. डोळे गेले अन् सांगता नाही आलं तुले? एक शब्द?

"कोनाले सांगू?" फागूकाका म्हणाले. "तू मले ओळखत कुठं होता."

काकाजी मटकन खाली बसले, त्या हौदाच्या काठावर, आणि रडायला लागले. अगदी उघड, तोंड न झाकता. आम्ही पोरं इकडे तिकडे बघायला लागलो. फागूकाका त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी पुढचं काही शूटिंग झालं नाही. दोघांना काकूंनी घरी नेलं आणि जेवायला बसवलं. काकूंनी किती वर्षांनी एकाच वेळी दोघांना वाढलं, आणि वाढता वाढता दोघांनाही मनसोक्त शिव्या दिल्या.

पुढे काकाजींनी नागपूरला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, आहे तेवढं टिकवू. मग मंगळवारी फागूकाकांनी यायचं बंद केलं आणि काकाजी सालेकशाला जायला लागले. तिथंही सरळ जाणार नाहीत, आधी आमगावला उतरून पुढची गाडी धरणार. मी हसलो तर म्हणाले, सवय आहे, बाबू, काय करू. पण स्टेशनवर उतरले की फलाटावरूनच मोठ्यानं हाक मारतात म्हणे, आणि मग दोघं बसून इतकं भांडतात की फागूकाकांच्या सुनेला वाटतं हे दोघं हाडवैरी असावेत. जंगलातल्या कुठल्या झाडाखाली कोण झोपलं होतं यावरून भांडतात. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलेलं, ते गोड गोड शब्दांत कसं मावणार?

सिनेमा पूर्ण झाला. फागूकाकांना बिनधोक चालवता येईल असे दोन प्रसंग घेतले आणि हौदावरचा तो प्रसंग मी तसाच ठेवला, फक्त आरोळीपर्यंत. गोष्टीत ते बसलंही. खलनायकाची माणसं वरून बघतायत, दोन कसलेले गुप्तहेर एवढ्या शिताफीनं अनोळखी राहिलेत, आणि एकजण ऐन वेळी नावानं हाक मारून सगळं पाण्यात घालतो. मी काकाजींना विचारून ठेवलं होतं. ठेव म्हणाले.

कुडव्यातल्या समाजमंदिरात दुपारी दारं-खिडक्या लावून, चादर बांधून आम्ही तो दाखवला. शेजारचे तिन्ही जण आले. काकाजी खरोखर कशात होते हे त्यांना आता कळलं होतं, आणि तिघांचंही मत होतं की आपल्याला शंका होतीच. काकाजी आणि फागूकाका पुढच्या रांगेत. फागूकाकांना पडद्यावरचं दिसत नव्हतं, म्हणून काकाजी त्यांना सांगत होते, आणि जन्मभर कुजबुजत राहिलेला हा माणूस आता असा मोठमोठ्यानं सांगत होता, की मागचे लोक गप्प बसा म्हणून ओरडत होते. वर सांगतही खोटं होते. पडद्यावर फागूकाका एका गुंडाला ढकलत होते, तर हे सांगत होते तू तिघांना एकदम लोळवलं.

हौदाचा प्रसंग आला. गमछा डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, मग खोकला, आणि मग ती हाक. मंदिरभर हशा पिकला. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले, पोरं शिट्ट्या मारायला लागली. काकाजी सांगायचे थांबले होते. फागूकाकांनी कोपरानं त्यांना ढोसलं.

"काय झालं बे? लोकं कायले हासून राहिले?"

काकाजी पडद्याकडे बघत होते. मी मागे प्रोजेक्टरजवळ उभा होतो, मला त्यांचा आवाज नीट ऐकू आला.

"काही नाही. मी तुले आवाज देऊन राहिलो."

"मंग हासू दे त्यायले," फागूकाका म्हणाले.